आपट्याला जाणारी गाडी

स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर तुळस दिसावी, जास्वंद दिसावी, अगदीच काही नाही तर शेजारणीचं वाळवण दिसावं, एवढी माफक अपेक्षा कुठल्याही बाईची असते. पनवेलच्या त्या घरात मला समोर दिसायचे ते घरमालकांचे पाय. बाकीचे घरमालक गाडीखाली असायचे. गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, टाचांना काळं ग्रीस, आणि मधूनच गाडीच्या पोटातून आवाज यायचा, "सूनबाई, तेवढा चौदा नंबरचा पाना द्या बघू." मी यांची सून कधी झाले कोण जाणे! पहिले काही दिवस मी बिचारी लाटणं टाकून, हात पुसून बाहेर जायची, पाना शोधायची, द्यायची. परत येईपर्यंत तव्यावरची पोळी करपलेली. पुढे तो पाना माझ्या ओट्यावरच राहायला आला, सांडशीच्या शेजारी. एकदा माझी आई आली होती, तिने त्या पान्याने नारळ फोडला. घरमालक, म्हणजे आमचे काका, आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

आम्ही दादरहून पनवेलला आलो ते ऐंशीचं दशक संपता संपता. ह्यांची बदली बेलापूरच्या ऑफिसात झाली होती. नवीन पनवेलला सेक्टरमधले फ्लॅट मिळत होते, पण तिथे तेव्हा संध्याकाळी चिटपाखरू दिसायचं नाही, म्हणून मीच म्हटलं, आपण जुन्या गावात घर बघू. नसता शहाणपणा! कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पत्ता विचारला तर तो म्हणाला, "कोण, बुडव्यांकडे? ते काय, हिरवं फाटक." मी मनात म्हटलं, संपलं, आपल्या डिपॉझिटचं काही खरं नाही. पण हे बुडवे पैसे बुडवणारे नव्हते. काकांनी गाडी बुडवली होती, स्वतःच्या वडिलांची, आणि तीसुद्धा स्वातंत्र्याच्या आधी. काल काय जेवलो ते लोकांना आठवत नाही, पण दुसऱ्याची फजिती मात्र पिढ्यान् पिढ्या पाठ असते.

ती गोष्ट दुकानदार साखर बांधता बांधता सांगायचा. काकांचे वडील वकील. त्यांच्याकडे दोनच माणसं बसतील अशी, वरून उघडी, लांब नाकाची विलायती मोटार होती. पंधरा वर्षांच्या पोराने बापाच्या नकळत ती बाहेर काढली, थोरल्या बहिणीला शेजारी बसवलं आणि निघाला आपट्याला. तिथे तेव्हा पाताळगंगा उथळ पाण्यातूनच पार करायची पद्धत. भाद्रपदाचे दिवस. बरोबर मधोमध जाऊन इंजिन बंद पडलं, ते पडलंच. वरून लोंढा आला. भावंडं कशीबशी काठाला लागली, गाडी गेली. वकिलांनी पोराला बदडलं, शाळेतून काढलं आणि लालबागच्या एका वर्कशॉपात कामाला धाडलं. "तेव्हापासून बुडवे!" असं म्हणून दुकानदार पुडीला दोरा गुंडाळायचा आणि स्वतःच हसायचा.

काकांसमोर हे सांगितलं तरी काका हसायचे. तोंडावर कुणी बुडवे म्हटलं तरी हसायचे. मला त्या हसण्याचाच राग यायचा. अहो, माणसाने कधीतरी चिडायला नको?

तर आता निवृत्त झाल्यावर हे गृहस्थ अंगणात पत्र्याची शेड ठोकून तीच गाडी पुन्हा बनवत होते. तीच म्हणजे बाहेरून. तेच लांब नाक, तेच पंखासारखे मडगार्ड, बाहेर काढलेले मोठे दिवे. आत मात्र सगळं नवं. त्या काळात नुकत्याच रस्त्यावर दिसू लागलेल्या छोट्या मोटारींपैकी एक अपघातात चेपली होती, तिचं इंजिन. कुठल्याशा जीपचा गिअरबॉक्स. पुढच्या चाकांना डिस्कब्रेक. "तोंड जुनं, पोट नवं," असं काका अभिमानाने सांगायचे. मी एकदा म्हटलं, "एवढं हुबेहूब करताय, तर इंजिनही जुनंच शोधा की." गाडीखालचे पाय एकदम ताठ झाले. "जुनं इंजिन मला एकदा पाण्यात नडलंय, सूनबाई. ही बंद पडता कामा नये."

आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी? तर आक्कांसाठी. आक्का म्हणजे काकांची तीच थोरली बहीण. पेणला दिलेल्या, नवरा गेल्यावर भावाकडे आलेल्या. काकांना बायको ना मूल, त्यामुळे वरच्या मजल्यावर दोघंच. आक्का गाडी बुडाली त्या दिवसापासून कुठल्याही खाजगी मोटारीत बसल्या नव्हत्या. एसटी चालायची, रिक्षा चालायची, पण मोटार म्हटली की नाही म्हणजे नाही. स्वतःच्या वरातीतसुद्धा टांग्यात बसल्या होत्या म्हणे. काकांनी डोक्यात घेतलं होतं की आक्का आपल्यावर रागावली आहे. "मीच नेलं तिला पाण्यात. धसका घेतलाय तिने." मग त्यावर उपाय काय, तर आक्कांनी ह्या गाडीत बसायचं, आपट्याला जायचं, नदीपलीकडे पोचायचं आणि परत यायचं. एकदाच. मग काका सुटले. माणसाला ध्येय असावं हे मला मान्य आहे, पण ते माझ्या खिडकीखाली असावं असं कुठे लिहिलंय? काकांच्या ध्येयापायी माझ्या वरणाला वर्षानुवर्षं थिनरचा वास येत होता.

मी आक्कांनाही सांगून पाहिलं. "आक्का, बसा ना एकदा. पाच मिनिटांचा प्रश्न. सुटतील बिचारे काका, आणि आम्हीही सुटू."

"मला नाही बसायचं."

"अहो, पण का?"

"मेथी निवड तू. देठं फार ठेवतेस."

भाऊ तसा, बहीण अशी. मी मधल्या मध्ये मेथी निवडत होते.

बंद पडलेली वस्तू दिसली की काकांचं डोकं फिरायचं. तुमच्या मनगटावरचं घड्याळ बंद असलं तर ते विचारत नसत, सरळ काढून घेत. आम्ही जेवायला बसलेलो असताना आत यायचे, वर बघायचे, "पंखा कुरकुरतोय," म्हणायचे आणि स्टूल ओढायचे. आमटीत तेलाचे थेंब पडलेले मी स्वतः पाहिलेत, आणि ते फोडणीचे नव्हते. एकदा आळीतल्या एका घरी कुणी वारलं म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो. बायका डोळे पुसतायत, पुरुष माना खाली घालून बसलेत, आणि काका भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसलेले. मी डोळे वटारले. तर हळूच मला म्हणतात कसे, "माणसाचं आपल्या हातात नसतं सूनबाई, ह्याचं आहे." तिथून निघताना घड्याळ टोले देत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मूळ गाडीचा एकच फोटो उरला होता. त्यावरून पट्टीने मापं घेऊन काकांनी सगळा सांगाडा उभा केला. पण त्या फोटोत एकोणीस वर्षांच्या आक्का बरोबर गाडीच्या डाव्या दाराला टेकून उभ्या. नऊवारी, हातात रुमाल, मागचं काही म्हणून दिसत नाही. दाराची मूठ कशी होती, पायरी होती की नव्हती, देव जाणे. काकांनी आक्कांना विचारलं, उत्तर नाही. मग मला पढवून वर पाठवलं. मी बोलता बोलता विषय काढला, "आक्का, फोटोत तुम्ही उभ्या आहात ना, तिथे मागे काय होतं हो?"

"मला काय ठाऊक? माझी पाठ होती तिकडे."

काकांनी डावं दार तीनदा केलं आणि तीनदा मोडलं. ठोकाठोकीने माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

पत्र्याचं काम बाजारातल्या उस्तादांनी केलं. ते गल्फला जाणाऱ्यांसाठी पत्र्याच्या पेट्या बनवायचे. कोकणी मुसलमान, अतिशय सभ्य माणूस. महिनोन् महिने काकांची कटकट सोसून एक दिवस कपाळावरचा घाम पुसत मला म्हणाले, "भाभी, आमच्या पेट्या दुबईला जातात, मस्कतला जातात. ही एवढी मोठी पेटी कुठे जाणार?"

"आपट्याला," मी म्हटलं.

"तौबा! आपट्याला तर एसटी जाते."

मी त्यांना दोन कप चहा जास्त पाजला. पनवेलात माझ्या मनातलं बोलणारा तो एकच माणूस भेटला होता.

आणि आमच्या ह्यांचं तर काय सांगू! जुन्या गाडीला पुढून हँडल मारावं लागायचं. नव्या इंजिनाला किल्ली फिरवली की झालं. पण हँडलशिवाय ती गाडी कसली, म्हणून काकांनी पुढे एक हँडल बसवलं. ते कशालाही जोडलेलं नव्हतं, नुसतं गरगर फिरायचं. रविवारी सकाळी फाटकाशी आळी जमायची. हे बाह्या सारून हँडल मारायचे, काका आत बसून गुपचूप किल्ली फिरवायचे, इंजिन सुरू झालं की लोक टाळ्या वाजवायचे. मला एकदा राहवलं नाही. म्हटलं, "अहो, हवेत कसलं हँडल फिरवताय, शोभतं का वयाला?" तर घाम पुसत म्हणाले, "अगं, फार जोर लावावा लागतो. उगाच नाही सुरू होत ती." माझ्या लक्षात आलं, काकांनी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं! मी सगळं उलगडून सांगितलं. हे दोन दिवस घुम्यासारखे बसले. पुढच्या रविवारी पुन्हा बाह्या सारून हजर. "लोक वाट बघत असतात ना," म्हणे. आता बोला.

पण कळस झाला तो एप्रिलात. नळाला पाणी येईना, विहिरीने तळ गाठलेला, आणि काकांना गाडीची पाण्यातली परीक्षा घ्यायची होती. त्यांनी अंगणात रेतीची पोती रचून बांध घातला आणि बेलपाड्याहून एका ओळखीच्या माणसाचा टँकर मागवला. आळीतल्या बायका हंडे-कळश्या घेऊन धावल्या. टँकरवाला पाइप हातात धरून उभा. "काका, पानी पियाला हाय का गाडीला न्हायाला? आमी असलं काम केलेलं नाय."

"सोड म्हणतो ना!"

"बायका मारतील मला."

मारलंच असतं. शेवटी तह असा झाला की आधी सगळ्यांचे हंडे भरायचे आणि उरलेलं अंगणात सोडायचं. गुडघाभर पाणी साठलं. माझ्या मागच्या दाराचा उंबरठा ओलांडून ते आत आलं, केरसुणी तरंगत निघाली. काकांनी गाडी पाण्यात घातली, मधोमध उभी केली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिले. इंजिन शांतपणे चालत होतं. मग मान वर करून लहान मुलासारखे ओरडले, "आक्का, बघितलंस? नाही बंद पडली! नाही पडली बंद!"

आक्का गॅलरीत उभ्या होत्या. आत गेल्या आणि दार लावून घेतलं. रात्री जेवल्या नाहीत म्हणून सकाळी मी पेज घेऊन वर गेले. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "त्याला म्हणावं, पुरे कर आता."

"मी कशाला? तुम्हीच सांगा ना."

"मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मला वाटलं, म्हातारपणी असंच काहीबाही बोलतात. मला माझं घर पुसायचं होतं. पेज ठेवून मी खाली आले.

त्या वर्षी गाडी पुरी झाली. गर्द हिरवा रंग, पितळेच्या कडा, बघत राहावं अशी. रागारागाने का होईना, मलाही म्हणावं लागलं. दसऱ्याला मुहूर्त ठरला. आदल्या दिवशी खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजून झाली. दसऱ्याला सकाळी गाडी अंगणाच्या मधोमध आणून उभी केली, झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं, समोर नारळ. अख्खी आळी जमली. दुकानदार दुकान उघडं टाकून आला. उस्ताद नवा कुर्ता घालून आले. आणि नेमकं तिथे अडलं. नव्या गाडीला ओवाळायचं कुणी?

"आक्का ओवाळेल," काका म्हणाले.

आक्का जिन्यात उभ्या होत्या. "मी नाही. खाली सवाष्ण आहे ना, ती ओवाळेल."

"मला सवाष्ण नको. तू हवीस."

"काहीतरीच बोलू नकोस, चार माणसांत."

झालं, भावंडांचं सुरू. तबक माझ्या हातात, निरांजन वाऱ्याने विझायला आलेलं, पुरणाचा कुकर घरात शिट्ट्या देतोय. मी म्हटलं, "आता मुहूर्त टळेल ग बाई!" आणि सरळ पुढे होऊन गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं. काकांचं तोंड उतरलं. तरी ते डावं दार उघडून उभे राहिले आणि जिन्याकडे बघून म्हणाले, "आक्का, ओवाळू नकोस. बस तरी. मी हळू चालवीन."

आक्का हलल्या नाहीत.

तेवढ्यात दुकानदाराची जीभ वळवळली. "काका, आपट्याला जाताय ना? मग येताना गाडीतूनच या हो! मागच्यासारखं चालत नको!"

सगळे फिदीफिदी हसले. काकाही हसले. तेच त्यांचं हसणं. मला तर ते तबक दुकानदाराच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

"हसू नका."

आक्कांचा आवाज एवढा मोठा असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या.

दुकानदार गडबडला. "आक्का, सणाचा दिवस, जरा गंमत केली."

"तुझी गंमत ऐकतेय, तुझ्या बापाचीही ऐकली. ती गाडी ह्याने नाही बुडवली. चालवत मी होते."

"आक्का!" काका ओरडले. "वर जा आधी!"

"नाही जात. हा शेजारी बसला होता. मला शिकवलं ह्याने, पाण्यात घाल म्हणाला हाच, पण हातात चाक माझ्या होतं. माझं पेणला ठरलं होतं. मुलगी मोटार हाकते म्हटल्यावर त्यांनी मोडलंच असतं. चिंब भिजून चालत घरी येताना हा म्हणाला, मी चालवत होतो असं सांगू. आणि मी हो म्हटलं." त्या जिन्याचा कठडा धरून उभ्या होत्या. "दादांनी, आमच्या वडिलांनी, ह्याला मारलं तेव्हा मी दाराआड उभी होते. शाळेतून काढलं, तेव्हा ह्याची ट्रंक मी भरली. वर्गात पहिला यायचा हो हा. पंधरा वर्षांचा होता. आणि थोरली मी होते."

दुकानदार चपलेकडे बघत होता. मला वाटलं, आता काका रडणार. पण कसलं काय! काका संतापाने लालबुंद झाले होते. त्यांना चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"सगळं घालवलंस! जन्मभर मी कुणाला पत्ता लागू दिला नाही, दादा गेले तरी बोललो नाही, आणि तू ह्या वाण्याच्या एका शब्दावर... तुला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही विचारलं रे," आक्का म्हणाल्या. "तेच तर झालं. दादांनीसुद्धा नाही विचारलं."

"मग माझ्यावर राग धरून कशाला बसलीस? मोटारीत बसायला काय झालं होतं?"

"तुझ्यावर कसला राग? मोटार दिसली की मला तुझी शाळा दिसायची. कुठल्या तोंडाने बसू?"

काकांनी धाडकन दार लावलं. तेच, तीनदा मोडून केलेलं दार. "आता मला नाही जायचं कुठे. उतरवा ते हार." आणि गाडीकडे पाठ फिरवून उभे राहिले. मला इतका वैताग आला म्हणून सांगू! इतकी वर्षं माझ्या डोक्यावर ठोकाठोकी केली, पाणी घरात सोडलं, आणि आता ती बाई एकदाची बोलली तर हा माणूस रुसला. मी म्हटलं, "काका, तुमचा रुसवा संध्याकाळी काढा. आधी गाडी माझ्या खिडकीसमोरून हलवा!"

आक्का अंगणात आल्या. काकांच्या बाजूने गेल्या, गाडीला वळसा घातला, उजवीकडचं दार उघडलं आणि पदर खोचून स्टिअरिंगमागे बसल्या. लायसन नाही, सवय नाही, वय झालेलं, आणि रस्त्यावर दसऱ्याची गर्दी. मी ह्यांना म्हटलं, "अहो, अडवा त्यांना." हे हलले नाहीत. उस्तादही हलले नाहीत. आक्कांनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, किल्ली शोधली, फिरवली. इंजिन सुरू झालं.

काका तसेच पाठमोरे उभे. त्यांचे खांदे हलत होते.

"ये रे," आक्का म्हणाल्या, "बस शेजारी. आज काही झालं तर बोलणी मी खाईन."